खणखणीत की बद्द? जुन्या चांदीच्या नाण्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

दोन महिन्यांपूर्वी या सदरात राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याच्या, चांदीच्या रुपयाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यानंतर आलेल्या पत्रांचा गठ्ठा बघून घरातून शेरा आला, "बँकेत होतात तेव्हा तुमच्या खिडकीपुढे एवढी रांग नव्हती." बहुतेकांचा प्रश्न एकच : किती येतील? त्याचं उत्तर बार्शीच्या वाचकांना दिलं आहे, बाकीच्यांनी तिथेच वाचावं. फोटो पाठवणाऱ्यांना एक विनंती. नाण्याच्या दोन्ही बाजू पाठवता, कड कोणीच पाठवत नाही. मला आधी कड हवी असते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. सध्या मुलाकडे न्यू जर्सीत, एडिसनला आले आहे. परवा इथल्या आपल्या लोकांच्या दुकानातून कोथिंबीर-मिरच्या आणल्या. घरी येऊन सुटे ओट्यावर ओतले तर पंचवीस सेंटचं एक नाणं वेगळंच वाजलं. त्यावर १९६४ साल आहे. सून म्हणते चांदीचं आहे. तेव्हापासून नातू रोज माझी पर्स उपसतो. खरंच चांदीचं असेल का? आणखी एक, माझ्या आईचे सात राणीछाप रुपये पुण्याला कपाटात आहेत. पुढच्या खेपेला ते नातवासाठी इकडे आणावेत असं मनात आहे.

उत्तर : बाई, तुमच्या कानाला पैकीच्या पैकी. सुनेचंही बरोबर आहे. अमेरिकेत १९६४ सालापर्यंतचे डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पंचवीस सेंट) आणि अर्धे डॉलर ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांब्याचे असत. जुलै १९६५ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या नाणे कायद्यावर सही केली आणि डाइम-क्वार्टरमधली चांदी गेली. अर्ध्या डॉलरमध्ये ४० टक्के शिल्लक ठेवली होती, तीही १९७० नंतर संपली.

असं का झालं, तर चांदी महागली. १९६३ साली चांदी औंसाला १.२९ डॉलरवर पोचली. त्या भावाला चांदीच्या एका डॉलरच्या नाण्यात बरोबर एक डॉलरची चांदी होते. भाव आणखी थोडा चढता तर क्वार्टरसुद्धा खर्चण्यापेक्षा वितळवणं परवडलं असतं. जॉन्सनसाहेबांनी सही करताना लोकांना बजावलं, की सरकारकडे चांदी भरपूर आहे, नाणी दडवून कोणाचा काही फायदा होणार नाही. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी जाऊन बरण्या भरल्या. दहा वर्षांच्या आत व्यवहारातली चांदी जवळजवळ दिसेनाशी झाली. तुमच्या कोथिंबिरीबरोबर आलेलं नाणं कोणाच्या तरी बरणीतून सुटलेलं असणार. आजोबा वारले, नातवाने बरणी पालथी करून दुकानात खर्चून टाकली, असं तिकडे होत असतं. आपल्याकडेही होतं.

नातवाला उपसू दे पर्स, पण एकेका नाण्याचं साल वाचत बसायला लावू नका, तासाभरात कंटाळेल. चिल्लरीची उभी चळत रचायला सांगा आणि नाण्यांच्या कडा बघायला सांगा. नवी नाणी म्हणजे सँडविच आहे, पोटात तांबं आणि वरखाली तांबं-निकेलचा पातळ थर. त्यामुळे कडेला तांबूस पट्टी दिसते. चांदीच्या नाण्याची कड मात्र सबंध पांढरी असते. चाळीस तांबूस कडांत एक पांढरी कड कशी उठून दिसते, ते एकदा बघाच. शंका उरली तर स्वयंपाकघरातला छोटा काटा काढा. चांदीचा क्वार्टर ६.२५ ग्रॅम, नवा ५.६७.

हिशेबही सोपा आहे, पाढ्यासारखा पाठ होईल. चार क्वार्टर घ्या, दहा डाइम घ्या किंवा दोन अर्धे घ्या, १९६४ पर्यंतच्या एक डॉलरच्या चिल्लरीत चांदी २२.५ ग्रॅम. म्हणजे तुमच्या एका क्वार्टरमध्ये साडेपाच ग्रॅमहून जरा जास्त. पाच सेंटच्या नाण्यात एरवी चांदी नसते. पण युद्धात निकेल लढाईच्या कामाला हवं होतं, म्हणून १९४२ ते १९४५ मधल्या काही पाच सेंटांत ३५ टक्के चांदी घातली. ओळखायची खूण अशी, की मागच्या बाजूला जे घर आहे त्याच्या घुमटाच्या डोक्यावर पी, डी किंवा एस असं मोठं अक्षर असतं. ही नाणी दिसायला कळकट, करड्या रंगाची. नातू ती आधी बाजूला फेकेल, फेकू देऊ नका.

तिकडचे शौकीन बँकेतून नाण्यांचे रोलच घरी आणतात. क्वार्टरचा रोल चाळीस नाण्यांचा, दहा डॉलरचा. डाइमचा पन्नास नाण्यांचा, पाच डॉलरचा. घरी फोडायचे, कडा बघायच्या, उरलेली चिल्लर परत भरायची. अर्ध्या डॉलरचा रोल मिळाला तर सोडू नका, कारण ते नाणं कोणी खर्चत नाही, त्यामुळे त्याच्यात जुनं राहून जाण्याचा संभव जास्त. फक्त तीस वर्षं काउंटरपलीकडे बसलेला माणूस म्हणून हात जोडून सांगतो, ज्या शाखेतून रोल आणाल त्याच शाखेत तेच फोडलेले रोल भरायला नेऊ नका. कॅशियरचे शाप इंग्रजीतले असले तरी लागतात.

आता आईचे सात रुपये. ते नेऊ नका. आपल्या १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरातन वस्तूत मोडतं, आणि खासगी माणसाला ते असं देशाबाहेर नेता येत नाही. व्हिक्टोरिया राणी १९०१ साली गेली, तेव्हा तिच्या मुखवट्याचा प्रत्येक रुपया या हद्दीत आला. सात रुपयांचं काय एवढं, असं तुम्हाला वाटेल, पण विमानतळावर आईची आठवण पंचनाम्यात लिहिली गेलेली चांगली दिसणार नाही. सुट्टीत नातवालाच पुण्याला बोलवा आणि कपाट उघडून द्या.

प्रश्न : आजी गेल्यावर तिच्या पेटीत पितळी डब्यात बारा रुपये निघाले. दोन राणीछाप, एक एडवर्डचा, तीन जॉर्जचे (१९१३, १९१८, १९१९), चार नंतरच्या जॉर्जचे (१९४०, १९४२, १९४४, १९४५), एक १९४७ चा वाघ असलेला आणि एकावर चारमिनार. सराफ म्हणतो, सगळे एकाच भावाने घेतो. द्यावेत का? एकूण किती येतील? (बार्शी)

उत्तर : देऊ नका. एकाच भावाने द्यायला ती भेळ नाही. तुमच्या डब्यात चार प्रकारचे रुपये आहेत.

राणी, एडवर्ड आणि १९१३ ते १९१९ चे जॉर्ज, हे सहा खरे बंदे रुपये. कंपनी सरकारने १८३५ साली रुपयाचं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम ठरवलं, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. ते प्रमाण पुढे शंभर वर्षांहून अधिक टिकलं. वजन ओळखीचं वाटतंय का? तो जुना तोळा. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका अजून 'रुपयाभार हिंग' म्हणतात ते उगाच नाही. वजनाचं माप हरवलं तर सराफ तागडीत रुपयाच टाकत. अशा एका रुपयात १०.७ ग्रॅमच्या आसपास चांदी, झीज झाली असेल तर तेवढी कमी.

१९४० ते १९४५ चे चार दिसायला तसेच, वजनालाही तेवढेच, पण त्यांच्यात चांदी निम्मी. उरलेल्यात ४० टक्के तांबं आणि पाच-पाच टक्के निकेल व जस्त. म्हणजे चांदी ५.८ ग्रॅम. कड बघा. आधीच्या रुपयाच्या कडेला नुसत्या उभ्या रेघा आहेत, या रुपयांच्या कडेत मधोमध एक खोबण फिरलेली दिसेल. नकली नाणी पाडणाऱ्यांना अवघड जावं म्हणून ती केली. झिजलेल्या जागी अंगावर पिवळट झाकही येते.

१९४७ चा वाघ देखणा आहे, पण निकेलचा. लोहचुंबक लावा, टपकन चिकटेल. चांदी शून्य. सराफ तोही चांदीच्या भावाने घेतो म्हणाला असेल, तर एक तर त्याने नाणी नीट पाहिलेली नाहीत, नाहीतर भावच असा सांगितलाय की वाघ फुकट घेऊनही तो नफ्यात राहील. दुसरी शक्यता मला जास्त वाटते. सगळेच सराफ तसे नसतात, माझा मावसभाऊ सराफ आहे. तो म्हणतो, गिऱ्हाईक स्वतः तोलून, हिशेब करून आलं की आमचंही तोंड सरळ राहतं.

चारमिनार म्हणजे निजामाचा हाली रुपया. बार्शी म्हणजे निजामाच्या हद्दीला लागून असलेली पेठ, तेव्हा तो तुमच्या आजीच्या डब्यात असणं अगदी स्वाभाविक आहे. जुन्या चारमिनार रुपयाचं वजन ११.१८ ग्रॅम आणि चांदी ८१.८ टक्के, म्हणजे इंग्रजी रुपयाहून जरा हलका. युद्धाच्या काळात निजामानेही चांदी निम्म्यावर आणली. नाण्यावरचं हिजरी साल वाचणारा कोणी शेजारीपाजारी असेल तर त्याला दाखवा.

किती येतील? वजन गुणिले चांदीचं प्रमाण गुणिले त्या दिवसाचा ग्रॅमचा भाव. चांदीचा भाव किलोत सांगतात, हजाराने भागा. त्यातून सराफ कट कापणार, तो किती ते आधी विचारा. तुमच्या सहा बंद्या रुपयांत मिळून ६४ ग्रॅमच्या आसपास, चार युद्धकालीन रुपयांत २३ ग्रॅम आणि चारमिनार जुना असेल तर ९ ग्रॅम, अशी झीज सोडून चांदी आहे. या सालांचे रुपये कोट्यवधींनी पाडलेले आहेत, त्यामुळे संग्राहक त्यांना चांदीच्या वर फार देत नाहीत. अगदी कोरं, धार न मोडलेलं नाणं असेल तर गोष्ट वेगळी. १९३९ चा रुपया असता तर मी म्हणालो असतो, थांबा. तो दुर्मिळ आहे. त्याच कारणाने तो बाजारात वाट्टेल तेवढा मिळतो, कारण १९३८ मधल्या आठाचा नऊ करणारे हात आपल्याकडे कमी नाहीत. १९११ चा असता तरी थांबा म्हणालो असतो. त्या वर्षी राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड आणि पाय देऊन ठसा नवा केला.

विकायचंच असेल तर १९४० नंतरचे चार विका. आणि तो १९१८ चा रुपया बाजूला ठेवा. पैशासाठी नव्हे, गोष्टीसाठी.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हिंदुस्थानातून ताग, गहू, कातडी असा माल भरभरून नेला. त्याचे पैसे इथे रुपयांत द्यायचे. लोकांच्या हातात रुपया पडला की तो मडक्यात जायचा, परत बाजारात येत नसे. ३० नोव्हेंबर १९१७ ला सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली. लोकांनी ती घेतली आणि खजिन्यावर जाऊन म्हणाले, याचा रुपया द्या. १९१८ पर्यंत खजिन्यातली चांदी तळाला गेली. नोटेवर रुपया देता आला नसता तर सरकारची पत गेली असती. तेव्हा अमेरिका मदतीला आली. तिथल्या संसदेने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा केला आणि सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या टांकसाळींसाठी विकत घेतली. तेव्हा तुमच्या आजीचा १९१८ चा रुपया मागच्या जन्मी अमेरिकन डॉलर असू शकतो. (एडिसनच्या बाईंनी हा परिच्छेद नातवाला वाचून दाखवावा.) दुसऱ्या महायुद्धात तर आपण अमेरिकेकडून सुमारे २२.६ कोटी औंस चांदी उसनी घेतली आणि युद्ध संपल्यावर तेवढी चांदी परत केली.

हे लोक मडक्यात का टाकत, ते मला वडिलांकडून कळलं. कराडला आमचं किराणा दुकान. १९४० साली बंद्या रुपयाच्या जागी निम्म्या चांदीचा रुपया आला, सोबत पुन्हा एक रुपयाची नोट आली. वडील तेव्हा अठरा वर्षांचे, गल्ल्यावर बसत. गल्ल्याशेजारी शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवलेला असे. गिऱ्हाइकाने दिलेला रुपया ते अंगठ्याच्या नखावरून उडवून त्या फरशीवर टाकत. जुना रुपया खण्णकन वाजून त्याचा नाद लांबत राही. नवा बद्द वाजे. बद्द वाजला की तो गल्ल्यात, म्हणजे दुसऱ्या गिऱ्हाइकाला मोड द्यायला. खणखणीत वाजला की तो मांडीखालच्या थैलीत. व्यापारी म्हणा, शेतकरी म्हणा, सगळ्या गावाचा हाच उद्योग. अर्थशास्त्रवाले याला ग्रेशमचा नियम म्हणतात, वाईट नाणं चांगल्या नाण्याला बाजारातून हाकलतं. वडिलांनी ग्रेशमचं नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं. सरकारने १९४१ मध्ये राणीछाप, १९४२ मध्ये एडवर्डचे आणि १९४३ मध्ये जॉर्जचे जुने बंदे रुपये चलनातून काढून परत मागवले. कोणी किती परत केले, ते तुमच्या आजीच्या डब्यावरून दिसतंच आहे.

प्रश्न : लक्ष्मीपूजनाला काढतो ते आमचे चांदीचे रुपये काळे पडले आहेत. चिंच-मिठाने घासावेत की रांगोळीने? (नाशिक)

उत्तर : कशानेच नाही. तो काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाने चांदीवर धरलेली साय. ती नाण्याला अपाय करत नाही, अपाय आपण करतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. १९७४ च्या दिवाळीत मी एडवर्डचा एक रुपया बारीक रांगोळी लावून फडक्याने घासला. एडवर्डच्या डोक्यावर मुकुट नाही, उघडं डोकं, मागे विरळ केस आणि नीट कोरलेली दाढी. घासताना लख्ख होत गेला तसा मला चेव आला. शेवटी भिंगातून पाहिलं तर दाढी गुळगुळीत आणि कानामागचे केस पार गेलेले. अंगभर बारीक ओरखडे. तो रुपया अजून माझ्याकडे आहे. नवीन माणूस नाणी दाखवायला आला की मी त्याला आधी तोच दाखवतो.

पूजेसाठी एक रुपया वेगळा काढा, १९४० नंतरचा असला तरी लक्ष्मी रागावत नाही. हळद-कुंकू, पंचामृत जे काय व्हायचं ते त्याचं होऊ दे. बाकीचे कोमट पाण्यातून काढून, न घासता सुती कापडावर टिपून, एकेक वेगळ्या कागदी पाकिटात. रबर लावून गड्डी बांधू नका, रबरात गंधक असतं. ती मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटंही नकोत, वर्षा-दोन वर्षांत नाण्याला हिरवा चिकटा धरतो.

प्रश्न : माझ्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आणि ट्रॅक्टरची पाचाची नोट आहे. मोबाइलवर जाहिरात आली की याचे लाखो रुपये मिळतात, आधी फक्त नोंदणीचे थोडे पैसे भरायचे. भरू का? आपल्या सुट्ट्यात आज चांदीचं नाणं मिळू शकतं का? (वय १९, लातूर)

उत्तर : भरू नकोस. जो विकत घेणारा आहे तो तुला पैसे देईल, तुझ्याकडून कशाला घेईल? या धंद्यात रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून शुल्क आणि कर मागितले जातात, म्हणून खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. त्या नाण्याचा चहा पी. नोट पुस्तकात ठेव, छान दिसते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : नाही. आपल्या रोजच्या चिल्लरीतून चांदी १९४० च्या दशकातच गेली. १९५० पासूनचे आपले रुपये निकेलचे, पुढे तांबं-निकेलचे, आता पोलादाचे. १९६४ चा नेहरूंचा रुपया लोक चांदीचा म्हणून विकतात, तो निकेलचा आहे. चुंबक जवळ ठेव. आणि चवली, पावली, अधेली हे शब्द आजोबांना विचार. दोन आणे, चार आणे, आठ आणे. जुन्या इंग्रजी चवलीतसुद्धा चांदी होती, वजन जेमतेम दीड ग्रॅम. एवढीशी असल्यामुळे ती फटीतून पडते. लातूरकडच्या जुन्या वाड्यांत जमीन उकरताना चवल्या मिळाल्याचं ऐकतो. मिळालीच तर एक लक्षात ठेव, जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यावी, असा १८७८ चा कायदा अजून आहे.

प्रश्न : तुम्ही स्वतः बँकेत कॅशियर होता. खरं सांगा, गल्ल्यातून काही काढून ठेवलंत का? (सांगली)

उत्तर : एकदा. १९७० साली नोकरीला लागलो त्याच वर्षी. गांधी जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं नाणं नुकतंच निघालं होतं. १५ ग्रॅम वजन, ८० टक्के चांदी. एक गृहस्थ पोराच्या फीचे पैसे भरायला आले, त्यात ते होतं. त्यांना ते खोटं वाटत होतं, "हे नोट म्हणून घेता का हो?" म्हणून दोनदा विचारलं. मी घेतलं आणि खिशातली दहाची नोट हेडकॅशियरच्या डोळ्यांदेखत ड्रॉवरमध्ये टाकली, कारण संध्याकाळी एक पैसा इकडचा तिकडे झाला तरी घरी जाता येत नसे. पगार तीनशेच्या आत. दहा रुपये म्हणजे चैनच होती. तेव्हा त्यातली चांदी दहा रुपयांची नव्हतीसुद्धा, त्यामुळे हुशारीचा सौदा केला असं म्हणता येणार नाही. हातातून सोडवेना, एवढंच.

घरी वडिलांना दाखवलं. त्यांची नजर अधू झाली होती. त्यांनी नाणं बघितलंच नाही, नखावरून उडवून फरशीवर टाकलं, मान कलती करून ऐकलं आणि म्हणाले, "बंद्यापेक्षा कमी. युद्धातल्यापेक्षा बरं."

त्यांच्या मांडीखालच्या थैलीत शेवटी साठ-एक रुपये जमले होते. १९६६ साली बहिणीच्या लग्नात ते सगळे सोनाराकडे गेले आणि तांब्या-भांडं होऊन परत आले. तेव्हा मला वाईट वाटलं होतं, त्यात एखादा १९११ चा असेल तर, असं अजूनही मनात येतं. तांब्या बहिणीकडे आहे, भाऊबीजेला गेलो की देव्हाऱ्याजवळ असतो. मी चमच्याने हळूच एकदा वाजवून बघतो. आतून तिची सून विचारते, "मामा, पाणी हवंय का?"